मऊभाताचं केळवण

शनिवार पेठ, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय नम्रता,

साखरपुड्यात तू माझ्याशी बराच वेळ बोललीस आणि मी बराच वेळ मान डोलावली. त्यातलं मला काहीही ऐकू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी कान गेले. यंत्र आहे, पण मंगल कार्यालयात ते नुसतं शिट्टी मारतं. फोनवर मी अंदाजाने 'हो हो' म्हणते आणि मग लोक चार दिवस राहायला येतात. घरी चारचौघांत मी शाळेतली पाटी पुढे करते आणि लोक त्यावर लिहितात. तू मात्र कागदावर लिही. वरद लग्न ठरल्यापासून धायरीला चकरा मारतोच आहे, तर टपालही नेईल.

माझी ओळख एवढीच. वरदच्या वडिलांची, म्हणजे श्रीनिवासची, मी थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. मला 'आत्या' म्हण. 'आत्येसासूबाई' म्हटलंस तर दार उघडणार नाही. तशी बेलही ऐकू येत नाही.

सोबतच्या पिशवीत एक ब्लाउज आहे, जपून उघड. माझ्या आईच्या लग्नातलं आहे, अंजिरी, जरीच्या काठाचं. आमच्याकडे सूनमुखाला, म्हणजे सासू आरशात सुनेचा चेहरा बघते तेव्हा, प्रत्येक सून हेच ब्लाउज घालते. वरदच्या आईने घातलं, कोथरूडच्या काकूने घातलं, तिच्या आमोदचं लग्न झालं तेव्हा प्रियदर्शनीने घातलं. गंमत म्हणजे कुणी अंगाने भरलेली, कुणी किडकिडीत, पण प्रत्येकीला ते शिवल्यासारखं बसलं. मी हे दिसेल त्याला सांगते. डिसेंबरात तुझी पाळी.

आता घरोघरची केळवणं सुरू होतील. एरवी आमच्या पेठेत पाहुण्याला 'जेवूनच आला असाल' असं दारातच म्हणतात, ते तू ऐकलं असशील. लग्न ठरलेल्या मुलीला जेवायला घालताना मात्र कुणी हात आखडत नाही. भूक राखून ठेव. माझ्याकडचं केळवण नोव्हेंबरात.

तुझी
श्यामलाआत्या

•

धायरी
१० ऑक्टोबर

ती. आत्या,

नमस्कार. दहावीनंतर पहिल्यांदाच पत्र लिहून राहिले आहे. बघा, पहिल्याच ओळीत माझं अकोला आलं. वरद म्हणतो, आत्या चुका लाल शाईने परत पाठवते. पाठवा, मला आवडेल.

साखरपुड्यात मी तुम्हाला काय सांगत होते माहीत आहे? सगळ्या खोलीत तुम्ही एकट्याच माझं सगळं ऐकून घेत होतात, म्हणून मी बोलत गेले. आता कळलं. तरी काही बिघडलं नाही.

ब्लाउज बघितलं. त्यावरचं काम बघून हात लावायलाच भीती वाटली. घालूनही बघितलं. फार सुंदर आहे.

सोमवारी कोथरूडच्या काकूंकडे केळवण झालं. ताटाभोवती रांगोळी होती, पुरणपोळ्या होत्या, पण माझा सोमवारचा उपवास म्हणून मी फक्त ताक घेतलं. त्यांना वाईट वाटलं असेल का? तुम्ही जरा सांगाल त्यांना? माझ्यासोबत इथे भाग्यश्री राहते, माझ्याच कॉलेजची, माझ्याच ऑफिसात. ती म्हणते, पुण्याच्या लोकांचं मन राखायचं तर लेखी माफी मागावी. म्हणून ही लेखी.

तुमची
नम्रता

•

शनिवार पेठ
१२ ऑक्टोबर

प्रिय नम्रता,

कोथरूडच्या काकूला वाईट वाटलं नाही. उलट तिने माझ्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मुलगी सोनं आहे'. तिचं अक्षर वाईट आहे, पण आशय खरा.

खरं सांगते, मला तुझं फार कौतुक वाटलं. कंपनीत दिवसभर डोळे फोडायचे, तिथल्या पिझ्झा-बिझ्झात राहायचं आणि उपवास मोडायचा नाही. पुरणपोळी समोर असताना. मी निवृत्त बाई, मला तर एकादशीला सकाळी दहालाच आपण कशाला धरली असं वाटतं. मी आमच्या इमारतीत सगळ्यांना सांगितलं, आमच्या वरदची बायको बघा. दोघींना तर दोनदा सांगितलं, त्यांना नको होतं तरी.

उद्या सोमवार, म्हणून वरदबरोबर साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू पाठवते आहे. खिचडी गरम करताना वरून पाण्याचा हबका मार, नाहीतर दगड होते.

लाल शाई संपली आहे. तुझं भाग्य.

श्यामलाआत्या

•

धायरी
२८ ऑक्टोबर

ती. आत्या,

उत्तराला उशीर झाला, दिवाळीत अकोल्याला होते. खिचडी म्हणजे अमृत होतं, आणि लाडूही. भाग्यश्रीलाही फार आवडले.

घरी सगळे म्हणाले, नम्रता किती बारीक झाली. चुलत बहिणी तर मागेच लागल्या, काय करतेस सांग. फक्त आईने दारातच विचारलं, "काऊन वं, अशी सुकून चालली? तिकडं खायला देत नाही काय?" जेवताना बाबा माझ्या ताटाकडे बघत होते. माझे बाबा, हिंमतराव, गावात भांडणं सोडवायला जातात आणि घरात तोंड उघडत नाहीत. त्यांनी माझ्या ताटात शेवटी एक अनारसा ठेवला आणि उठून गेले. तो मी नंतर भाच्याला दिला.

हवा बदलली की माझे केस गळतात, यंदा जरा जास्तच. ऑक्टोबरच्या उकाड्यात भाग्यश्री पंखा लावते आणि मी शाल घेऊन बसते, त्यावरून रोज भांडण. लग्नाची धावपळ, दुसरं काय.

तुमचं मागचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते. इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

नम्रता

•

शनिवार पेठ
३ नोव्हेंबर

प्रिय नम्रता,

आधी खिचडीचं. ती मी करताना मीठ दोनदा घातलं होतं. तुला डबा पोचल्यावर मी पातेल्यात उरलेली खाल्ली आणि तोंड धुऊन आले. तुझं 'अमृत' वाचल्यावर वाटलं, काय गुणी मुलगी आहे, खारट खाऊनसुद्धा माझं मन राखलं. त्या आनंदात मी पाच-सहा दिवस काढले.

काल श्रीनिवासकडे तुळशीचं लग्न होतं. बायका जमल्या, तुझा विषय निघाला. मी सवयीने सुरू केलं की आमची नम्रता सोमवारचा उपवास कसा कडक करते. तर वरदची आई हसली आणि तिने पाटीवर लिहिलं, 'गुरुवार'. गुरुवारी तू त्यांच्याकडे जेवायला होतीस. प्रियदर्शनीने पाटी ओढून खाली लिहिलं, 'शनिवार'. शेजारच्या जोशीबाईंनी 'मंगळवार' लिहिला आणि तो निर्जळ होता असंही लिहिलं. सगळ्या हातांनी कान पकडून तुझं कौतुक करत होत्या. एकीलाही हिशेब लागला नाही. मला लागला. पाटी माझ्या हातात होती ना.

मी ती पुसली आणि म्हटलं, मुलगी भाविक आहे.

आता तू मला सांग. वरदला मी काही बोललेले नाही. माझी खिचडी कोण खातं?

श्यामलाआत्या

•

धायरी
६ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुमची खिचडी भाग्यश्री खाते. लाडूही तिनेच खाल्ले. ती खारट होती हे तिने मला सांगितलं नाही, तिला वाटलं पुण्यात अशीच करतात.

मी उपवास करत नाही. मी डाएट करते. ऑफिसातल्या एकीने मला एका ग्रुपवर घेतलं, त्याचं नाव 'हलकंफुलकं'. योगेश सर म्हणून आहेत, ते मोबाइलवर रोज सांगतात काय घ्यायचं. सकाळ-संध्याकाळ दुधी भोपळ्याचा रस, मध्ये काकडी आणि त्यांची एक पावडर. पोळी, भात, डाळ, दूध काही नाही. रविवारी सगळ्यांनी आपलं वजन टाकायचं आणि ज्याचं जास्त उतरलं त्याला सगळे टाळ्या पाठवतात. आत्या, मला तीनदा टाळ्या मिळाल्या आहेत.

केळवणांचं काय करायचं कळत नव्हतं. डाएट म्हटलं की सगळे 'एका दिवसाने काय होतं' म्हणून वाढतातच. उपवास म्हटलं की कुणी आग्रह करत नाही, उलट पाया पडायचे बाकी राहतात. पहिल्यांदा सहज बोलून गेले, मग जमत गेलं. तुम्हाला फसवायचं नव्हतं. तुमच्या कौतुकाची मला सवय लागली.

आता सगळंच लिहिते. केस मुठीने येतात. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या महिन्यात पाळी आलीच नाही. सर म्हणतात, शरीर स्वच्छ होतंय, असं होणारच. लग्न झालं की मी सोडणार आहे. का सुरू केलं ते मात्र विचारू नका.

नम्रता

•

शनिवार पेठ
८ नोव्हेंबर

प्रिय नम्रता,

नाही विचारत.

रागावणार होते, कागदही घेतला होता. पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मला आधी तुझं आश्चर्यच वाटलं. पुरणपोळीसमोर बसून, चार बायकांचा आग्रह हसत परतवून, ताक पिऊन उठायचं, आणि हे दर आठवड्याला वेगळ्या घरी, वेगळ्या वाराने. एवढा निश्चय मी माझ्या सगळ्या नोकरीत एका मुलीत पाहिला नाही. पण पोरी, तो तू स्वतःवरच उगारला आहेस.

मला वैद्यकातलं कळत नाही. एवढं कळतं की ज्याने मुठीने केस जातात, पाळी थांबते, ऑक्टोबरात शाल लागते, त्याला आम्ही आजारपण म्हणतो. तुमच्या ग्रुपात त्याला टाळ्या वाजतात. तुझे ते सर डॉक्टर आहेत का, एवढं विचारून बघ. आणि जे खरोखरचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे या आठवड्यात जा. मला कळवू नकोस, पण जा.

वरदला तू सांग. त्याचे कान चांगले आहेत.

माझ्याकडचं केळवण सोळा तारखेला. उपवास कोणता आहे ते आधी कळव, म्हणजे तो वार मी कॅलेंडरवरून काढून टाकते.

श्यामलाआत्या

•

धायरी
१२ नोव्हेंबर

आत्या,

मी भाग्यश्री, नम्रताची रूममेट. वरद हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ आहे, त्याने सांगितलं तुम्हाला फोन करून उपयोग नाही, म्हणून त्याच्या मित्राच्या हाती ही चिठ्ठी. आधी हे वाचा की नम्रता आता धोक्याबाहेर आहे.

काल सकाळी तिने नेहमीसारखा दुधीचा रस काढला. मला म्हणाली, आज फार कडू लागून राहिला. मी म्हटलं, फेक. तिने ग्रुपवर विचारलं. सरांचं उत्तर आलं, कडू म्हणजे औषध, नाक दाबून घ्या. खाली सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. तिने घेतला. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या आणि मग उलटीत रक्त दिसलं. ती बाथरूममध्येच पडली. शेजारच्या काकांच्या गाडीतून सिंहगड रोडवरच्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा तिचं बीपी मशीनला लागत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दुधी कधीकधी विषारी निघतो आणि त्याची खूण म्हणजे तो कडू लागतो. तसा घोट लगेच थुंकून टाकायचा असतो. हिने ग्लासभर घेतला. त्यात आधीच्या उपासमारीने रक्त कमी, पोटॅशियम कमी, त्यामुळे हृदयाचे ठोकेही चुकत होते. एक रात्र आयसीयूमध्ये ठेवलं. पोटात आतून जखमा झाल्या आहेत.

मी तिच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं की ती ॲडमिट आहे. सरांचं उत्तर आलं, घाबरू नका, विष बाहेर पडतंय.

तुमची खिचडी मी खात होते. तेव्हाच कुणाला तरी सांगायला हवं होतं. तिचे आई-बाबा अकोल्याहून पोचले आहेत.

भाग्यश्री

•

शनिवार पेठ
१३ नोव्हेंबर

प्रिय नम्रता,

काल मी येऊन गेले. तू झोपली होतीस. तुझी आई कौशल्याताई माझा हात धरून पुष्कळ बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण मी मान डोलावली नाही. तुझे बाबा पायाशी बसून होते. मी त्यांच्यापुढे पाटी धरली, तर त्यांनी लिहिलं, 'अनारसा तिने खाल्ला नव्हता, मला दिसलं होतं.' मग त्यांनी ते स्वतःच पुसलं.

मला विनोद सुचत नाही आहे, म्हणून सरळ लिहिते. मी घाबरले. तुझ्या हाताला लावलेल्या नळ्या मी दोनदा मोजल्या. तुला मी ओळखते ती जेमतेम तीन पत्रांतून, पण ती पत्रं यायला लागल्यापासून मी वरदच्या गाडीची वाट बघते. मला तू हवी आहेस. बारीक, जाड, भाविक, नास्तिक, कशीही.

सोळा तारीख रद्द. केळवण तू बरी झाल्यावर, डॉक्टर म्हणतील तेव्हा आणि डॉक्टर म्हणतील ते.

आत्या

•

धायरी
१९ नोव्हेंबर

ती. आत्या,

काल घरी आले. आई इथेच राहिली आहे, तासातासाला वाटी घेऊन येते. अजून फक्त मऊ भात, वरणाचं पाणी, कुस्करलेलं केळं. दीड महिन्याने भाताचा पहिला घास घेतला आणि रडूच आलं.

वरदला सगळं सांगितलं. तो रागावला, मग म्हणाला, तू सात वार उपवास करत होतीस आणि मला एकही कळला नाही, म्हणजे मी काय बघत होतो. त्याचं मला फार लागलं.

ग्रुपवरही लिहिलं. कडू रसाचं, उलटीचं, पाळीचं, सगळं. सरांनी पाच मिनिटांत मला काढून टाकलं. पण तेवढ्यात काही जणींनी वाचलं होतं. त्यातल्या दोघींनी वेगळा मेसेज करून विचारलं की आमचेही केस गळतात, कुठल्या डॉक्टरकडे गेलीस. ज्यांनी मला टाळ्या पाठवल्या होत्या त्याच त्या.

आता जे विचारू नका म्हटलं होतं ते सांगते, कारण तुम्ही खरंच विचारलं नाहीत. तुम्ही पाठवलेलं ब्लाउज माझ्या कोपराच्या वर गेलंच नाही. मी आरशासमोर हात वर करून अडकून बसले, भाग्यश्रीने सोडवलं. तुम्ही लिहिलं होतं, प्रत्येकीला शिवल्यासारखं बसलं. मला वाटलं, या घरात न बसणारी मी पहिलीच. आधीच अकोल्याची, आधीच 'करून राहिली' म्हणणारी. म्हणून सुरू केलं.

ते तुमच्यामुळे झालं असं वाटून घेऊ नका. तुम्ही ते प्रेमाने पाठवलं होतं.

नम्रता

•

शनिवार पेठ
२० नोव्हेंबर

प्रिय नम्रता,

वाचलं. वाटून घ्यायचं ते मी घेतलं, त्यावर तुझा काही इलाज नाही.

रविवारी बारा वाजता केळवण. आई-बाबांना आण. ब्लाउज आण. वरदची आई, कोथरूडची काकू, प्रियदर्शनी, सगळ्या येतील. त्यांना कळलं आहे ते एवढंच की तुला दुधी बाधला. बाकीचं सांगायचं की नाही हे तू ठरव. नाही सांगितलंस तरी मी पाटी पुसलेलीच ठेवीन.

आत्या

•

धायरी
२४ नोव्हेंबर

ती. आत्या,

काल निघताना तुम्ही पाटी पुढे धरलीत आणि विचारलंत, मघाशी सगळ्या का हसत होत्या. पाटीवर मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र.

पण आधी तुम्ही केलंत त्याबद्दल. मी दारातून आत आले तेव्हा मला धडकीच भरली. चांदीची ताटं, ताटाभोवती रांगोळी, समई, पाट. मला वाटलं आता पंचपक्वान्नं येणार, सगळे जेवणार आणि मी आजाऱ्यासारखी वाटी घेऊन बसणार. तुम्ही आम्हाला ओवाळलंत आणि वाढायला घेतलंत. माझ्या ताटात मऊ भात, त्यावर साजूक तूप, मेतकूट. मग वरदच्या ताटात तेच. वरदच्या बाबांच्या ताटात तेच. माझ्या बाबांच्या, प्रियदर्शनीच्या, सगळ्यांच्या. वरदचे बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "ताई, आज आपण सगळेच आजारी आहोत का?" आणि तुम्ही ते ऐकू न आल्यासारखं करून त्यांना आणखी एक डाव वाढलात. ते तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं का, मला अजून कळलेलं नाही.

माझ्या बाबांनी तीनदा भात घेतला. घरी परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "बाई मोठी आहे." त्यांच्या तोंडून कुणाबद्दल एवढंसुद्धा मी कधी ऐकलं नव्हतं.

मी ते ताट बघितलं आणि ठरवलं की आता इथे खोटं बोलून जेवायचं नाही. तुमच्याकडे पाठ करून बसले होते, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. मी सगळ्यांना सांगितलं की माझे उपवास नव्हते, मी तुम्हा प्रत्येकीला वेगळा वार सांगितला. आणि मग ब्लाउजचं सांगितलं. कोपराच्या वर गेलं नाही हेही.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात वरदच्या आई म्हणाल्या, "अगं, मलाही झालं नव्हतं."

त्यांच्या लग्नात हूक लागलेच नाहीत. त्यांच्या बहिणीने वरून शेला घेऊन पिना लावल्या आणि सूनमुख होईस्तोवर त्या श्वास धरून बसल्या होत्या. हे ऐकून कोथरूडच्या काकूंनी भाताचा हात तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही नाही? माझ्या अंगात ते एवढं ढगळ होतं की मी आत दोन्हीकडे रुमाल कोंबले होते." मग प्रियदर्शनी बोलली. तिच्या लग्नात आरशासमोर वाकताना पाठीवरची शिवणच उसवली, सबंध कार्यक्रम ती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने नंतर चोरून शिंप्याकडून शिवून आणलं आणि तुम्हाला परत केलं. काकू तिच्या सासू, इतकी वर्षं एका घरात राहून दोघींनी एकमेकींना सांगितलं नव्हतं.

तेव्हा सगळ्या हसायला लागल्या. वरदच्या आई तर डोळे पुसत होत्या. प्रत्येकीला वाटलं होतं, आपल्या एकटीलाच बसलं नाही. म्हणून प्रत्येकीने तुम्हाला 'छान बसलं' म्हटलं आणि तुम्ही ते पुढचीला सांगितलंत.

तुम्ही मध्येच उठून स्वयंपाकघरात तूप आणायला गेलात आणि परत येऊन सगळ्यांकडे बघून हसलात, काही न कळता. त्या वेळी मला तुमचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना सणाच्या ताटात मऊ भात वाढायची हिंमत मी कुणात बघितली नाही.

ब्लाउज तुमच्या कपाटावर ठेवून आले आहे. सूनमुखाला दुसरं घातलं तर चालेल का?

नम्रता

•

शनिवार पेठ
२६ नोव्हेंबर

प्रिय नम्रता,

म्हणजे आईचं ब्लाउज आईशिवाय कुणालाच बसलं नाही. आणि मी ते इतकी वर्षं अभिमानाने सांगत फिरले. तेव्हा तर माझे कान चांगले होते, एकीनेही मला खरं सांगू नये याचं मला नवल वाटतं. त्यांना लाज वाटली असणार, आणि मी अशा थाटात सांगायचे की कुणाला तोंड उघडायला जागाच ठेवायचे नाही. तुझी मात्र छाती. दवाखान्यातून उठून, मऊ भात खाता खाता, वरदच्या आईला जे उभ्या आयुष्यात जमलं नाही ते तू एका बैठकीत केलंस. मी आता इमारतीत हेच सांगते. जुनं सांगितलं होतं ते खोटं निघालं, हेही सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाई पुन्हा सुरू झाली.

श्रीनिवासचं बोलणं मला ऐकू आलं होतं. वाकून वाढताना यंत्र त्याच्या तोंडाशीच होतं.

दुसरं ब्लाउज चालणार नाही. काल दुपारी खिडकीत बसून मी हेच उसवलं, दोन्ही बाजूंची शिवण आणि बाह्या. आत चांगलं दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं निघालं. शिवणाऱ्याने तेव्हाच सोडायला जागा ठेवली होती, आम्ही कुणी उलटून बघितलं नाही. त्या आतल्या कापडाला उजेड लागलेला नाही, त्यामुळे ते गडद अंजिरी आहे आणि बाहेरचं विटलेलं. सोडल्यावर दोन्ही कुशींना गडद पट्टी दिसेल. मी वरदच्या आईला विचारलं, तिने पाटीवर लिहिलं, 'दिसू दे'. अक्षर सुंदर आहे तिचं.

तिने आणखी एक लिहिलं. आरशात तुझा चेहरा ती आधी बघणार नाही. आधी ब्लाउज बघणार आणि हूक लागले का ते विचारणार.

शनिवारी मापाला ये, मी टेप घेऊन बसते. पोट आत ओढलंस तर तशीच परत पाठवीन. डॉक्टरांनी काय काय खायला परवानगी दिली आहे ते वरदबरोबर कळव, तेवढंच करते, मीठ एकदाच घालून.

आणि येताना जेवून येऊ नकोस.

तुझी
आत्या